कोकणातल्या जुन्या सिनेगॉगची दुरुस्ती: साइटवरच्या नोंदी

२२ ऑगस्ट २०२२, सोमवार

पहिली पाहणी भर पावसात केली, मुद्दामच. मे महिन्यात सगळ्याच भिंती धडधाकट दिसतात. ओल नेमकी कुठून शिरते ते कळायला श्रावण-भाद्रपदच हवा.

रायगड जिल्हा, खाडीकाठचं गाव. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, इथलं बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी ज्यू समाजाचं. ट्रस्टच्या सांगण्यावरून गावाचं नाव या नोंदींत येणार नाही. रस्ता विचारताना ‘सिनेगॉग’ म्हटलं तर कुणी सांगत नाही, ‘इस्राएलांची मशीद’ म्हटलं की शाळेतलं पोर दारापर्यंत सोडायला येतं.

इमारत साधी. जांभ्याच्या भिंती, लाकडी कैच्यांवर मंगलोरी कौलं, आत एकच मोठं दालन, मधोमध लाकडी कठड्याचा तेबा (प्रार्थना चालवायचा चौथरा), पूर्वेच्या अंगाला बायकांची माडी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कौलांचा मोठा भाग उडाला. तेव्हापासून वर ताडपत्री आहे आणि तीही आता फाटली आहे. माडीच्या जिन्यावर पाय ठेवायची हिंमत झाली नाही.

सगळ्यात वाईट अवस्था पश्चिमेच्या भिंतीची. आणि नेमका तिच्यातच हेखाल, म्हणजे तोरा (धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या) ठेवायचा कोनाडा. प्रार्थना जेरुसलेमच्या दिशेला तोंड करून करायची, ते इथून पश्चिमेला. कोकणात पावसाची झडही पश्चिमेकडूनच येते. म्हणजे इमारतीतली सर्वांत पवित्र भिंत तीच, सर्वांत जास्त मार खाणारी भिंतही तीच. हेखालचे सागवानी दरवाजे ठीक आहेत, मागच्या फळ्या मात्र वाळवीने पोखरल्या आहेत, बोट लावलं की भुगा. तोरा मुंबईच्या एका सिनेगॉगमध्ये आधीच हलवल्या होत्या, ते बरं झालं.

१८ सप्टेंबर, रविवार

ट्रस्टची बैठक, मुंबईत. मुकादमकाका (सिनेगॉगच्या प्रमुखाला मुकादमच म्हणतात), गब्बाई (खजिनदार), दोन ज्येष्ठ बायका आणि इस्राएलहून व्हिडिओवर एक कुटुंब. भाषा सगळ्यांची मराठी. व्हिडिओवरच्या आजोबांची तर आमच्यापेक्षा जास्त ठसकेबाज, अलिबागेची.

पहिला तासभर स्लॅबवरून वाद. गब्बाईंचं म्हणणं: “एकदाच स्लॅब टाका आणि मोकळे व्हा, दर वर्षी कौलं कोण चाळणार?” प्रश्न रास्त आहे. गावात आता समाजाचं एकच घर उरलंय. पण जुन्या जांभ्यावर काँक्रीटच्या स्लॅबचं वजन टाकायचं म्हणजे भिंतींतून खांब उभे करावे लागणार आणि ते झालं की जुन्या इमारतीतलं काही शिल्लक राहत नाही. शेवटी कौलंच ठरली, एका अटीवर: कौलं चाळायला दर मे महिन्यात गावातलाच माणूस येईल आणि त्याची मजुरी ट्रस्टच्या अंदाजपत्रकात कायमची धरली जाईल.

दुसरा मुद्दा खरा महत्त्वाचा. इमारत कशासाठी दुरुस्त करायची? केरळात परवूर आणि चेंदमंगलमची सिनेगॉग्ज सरकारने नीट दुरुस्त करून संग्रहालयं केली. एका सदस्याला तसंच हवं होतं: तिकीट, काचेची कपाटं, दिवे. मुकादमकाका म्हणाले, “आम्ही अजून मेलेलो नाही.” बैठक दोन मिनिटं गप्प. मग ठरलं ते असं: दालन प्रार्थनेचंच राहील, तिथे एकही कपाट जाणार नाही. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, लागणारे दहा पुरुष रोज जमणार नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. सणाला, लग्नाला, मलिद्याला (गोड पोह्यांच्या प्रसादाचा विधी) मात्र जमतील. बसणं, जेवणं, कीर्तन, चार पाहुण्यांना समाजाचा इतिहास सांगणं, या सगळ्यासाठी दालनाबाहेर जागा काढायची. कुठे काढायची हा प्रश्न माझ्या गळ्यात.

कामाचे नियम: शुक्रवारी दिवे लागायच्या आत साइट बंद, शनिवारी पूर्ण सुट्टी, रविवारी काम. मजुरांचा पगार एरवी शनिवारी होतो. शब्बाथच्या दिवशी पैशाची देवघेव नको म्हणून तो शुक्रवारी दुपारी. मिस्त्रींनी एका वाक्यात मिटवलं: “शनवार तेल्यांचं काम आहे, शनवार बंदच असणार.” या समाजाचे पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण गावाला पाठ आहे.

५ ऑक्टोबर, बुधवार

काम बंद. यंदा दसरा आणि योम किप्पूर, इथल्या जुन्या भाषेत दारफाळणीचा सण, एकाच दिवशी आले. गवंड्यांना हत्यारांची पूजा करायची होती. मुकादमकाकांना उपासाच्या दिवशी फोन करता येणार नाही म्हणून आदल्या दिवशीच विचारून ठेवलं. “आवाराबाहेर, फाटकापाशी करा, आणि माझ्या वाटचं सोनं राखून ठेवा.” आपट्याची पानं वहीत ठेवली आहेत.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस ओसरला. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात चुन्याचं टाकं खणलं. कळीचा चुना पाण्यात सोडला की टाकं उकळायला लागतं, पोरांना लांब उभं केलं. विझलेला चुना गाळून पाण्याखाली मुरत ठेवायचा. पंधरा दिवसांत काढा म्हणणारे ठेकेदार भेटतात. मी महिन्याच्या आत टाक्याला हात लावू देत नाही, जास्त मुरला तर आणखी चांगलं.

वाळू नदीची, धुऊन. खाडीकाठची स्वस्त पडेल असं सुचवून झालं. तिच्यातलं मीठ भिंतीत गेलं की गिलावा फुगून पडतो, म्हणून नाही म्हटलं. सुरखीसाठी (चुन्यात घालायचा विटेचा भुगा) भट्टीची नीट भाजलेली वीट. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं की नाही यावर मिस्त्रींशी अर्धा तास. त्यांच्या वडिलांनी घातलं होतं म्हणून ते घालणार. थोड्या प्रमाणात घातल्याने नुकसान नाही, तेव्हा घाला म्हटलं.

६ नोव्हेंबर, रविवार

आज पश्चिमेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा उतरवला. मागच्या कुठल्याशा दुरुस्तीत दरवाज्याच्याही वरपर्यंत सिमेंट थापलं होतं. हेतू चांगलाच असणार, ओल अडवायची. पण जांभा सच्छिद्र. तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. बाहेरून सिमेंटने तोंड बंद केलं की ते पाणी आतल्या बाजूने, म्हणजे हेखालच्या फळ्यांतून बाहेर पडतं. वाळवीला याहून चांगलं निमंत्रण नाही. सिमेंटचे पापुद्रे निघाले तसे मागचे चिरे पिठासारखे भुरभुरले, पांढरा क्षार वर आला. खराब चिरे काढून चिरेखाणीतून नवे आणायचे. भिंत आता उघडी ठेवून सुकवायची.

दुपारनंतर मिस्त्रींनी हाक मारली. सिमेंटखाली, दरवाज्याच्या उंचीच्या थोडं वर, एका रांगेत चौकोनी खोबणी, विटांचे तुकडे भरून बुजवलेली. सगळी सारख्या अंतरावर. ही वाशांची घरं आहेत, दुसरं काही असू शकत नाही. म्हणजे या भिंतीला बाहेरून कधीतरी पडवी होती.

पडवी होती म्हणूनच इतकी वर्षं भिंत टिकली. पडवी पडली किंवा कुणीतरी काढली, झड थेट भिंतीवर यायला लागली, ओल दिसली, मग सिमेंट. हा क्रम आता माझ्या मनात पक्का आहे. पण ट्रस्टला आणि मला स्वतःलाही खोबणींपेक्षा जास्त पुरावा लागेल.

१० नोव्हेंबर, गुरुवार

खोबणींचे फोटो ट्रस्टच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले होते. आज इस्राएलहून एक फोटो आला: लग्नाचा, कृष्णधवल, नवरी पांढऱ्या साडीत, सगळी वरात दोन पायऱ्यांवर दाटीने उभी. कडेला, फोटोग्राफरला नको असलेल्या कोपऱ्यात, उतरत्या छपराची कड आणि एक लाकडी खांब. सावल्यांच्या दिशेवरून बाजू पश्चिमेचीच. खांबाला टेकून एक माणूस भलं मोठं पातेलं घेऊन बसलाय.

पडवी परत बांधायची. भिंतीचा बचाव होईल आणि बसाय-जेवायची जागाही तीच. नकाशात इतके दिवस दक्षिणेला पत्र्याची वेगळी शेड काढत होते, ती खोडली.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

माडीवरच्या माळ्यातून दोन गोणपाटं कागद निघाले. वरची पानं कसरीने खाल्लेली, खालची एकमेकांना चिकटलेली. मजूर ती आवरासावरीच्या ढिगात टाकणार होते, वेळेवर पाहिलं.

हिब्रूत देवाचं नाव असलेला कागद टाकता येत नाही, जाळताही येत नाही. जीर्ण झाला की आधी असा साठवायचा आणि मग कबरस्तानात पुरायचा. तेव्हा ही गोणपाटं म्हणजे विसरून गेलेली गेनिझा. मुकादमकाका एका आजींना घेऊन दुपारच्या लाँचने आले. आम्ही तिघांनी ओसरीवर चादर पसरून तीन ढीग केले: हिब्रू, मराठी, आणि दोन्ही असलेले. मराठीत कीर्तनांच्या छापील पुस्तिका, एका लग्नाच्या खर्चाची वही (नारळ, पोहे, गॅसबत्तीचं भाडं), समाजाच्या मासिकांचे सुटे अंक. ही सगळी जपून स्कॅन करायची, यावर दुमत नाही.

वाद तिसऱ्या ढिगावर. एका बाजूला हिब्रू, शेजारी मराठी भाषांतर अशी पानं. या समाजाने हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात, चित्रांसकट, छापली होती. आमच्या हातात आलेली पानं तितकी जुनी वाटत नाहीत, पण घडण तीच. मला ती प्रदर्शनात हवी होती. काकांना ती पुरायची होती. “वाचता येत नाही ते पुरायचं, वाचता येतं ते वाचायचं,” असा तोडगा सोबतच्या आजींनी काढला. पान शाबूत असेल तर ठेवा, तुकडे असतील तर कबरस्तानात. माझ्या मते कुठल्याही संवर्धन-नियमावलीपेक्षा हा नियम सोपा आणि जास्त टिकणारा आहे.

सूर्य कलायला लागला तसं सगळं पेटीत भरून कुलूप.

१३ डिसेंबर, मंगळवार

छप्पर. कैच्या उतरवण्याआधी प्रत्येक लाकडावर खडूने आणि पत्र्याच्या बिल्ल्याने नंबर घातले. बहुतेक कैच्यांची फक्त भिंतीत शिरणारी टोकं कुजली आहेत. सुतारमामांनी कुजका भाग कापून त्याच जाडीचं जुनं सागवान तिरक्या सांध्याने जोडलं, वर लाकडी खुंट्या. अख्खी कैची नवी घेतली तर काम लवकर होईल, हे त्यांनीच आधी सांगितलं होतं. आता मात्र प्रत्येक जोड पूर्ण झाला की मला हात धरून दाखवायला नेतात.

उतरवलेल्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचे छाप निघाले. मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, म्हणजे हे छप्पर त्यानंतरचंच. त्याआधी वर काय होतं, नळीची कौलं की गवत, याचा पत्ता नाही. शाबूत जुनी कौलं रस्त्याकडच्या उतारावर, नवी मागच्या उतारावर. मिसळून लावली तर उतार ठिगळासारखा दिसतो आणि माप सूतभर वेगळं असल्याने खाचाही नीट बसत नाहीत.

८ जानेवारी २०२३, रविवार

रंग. खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, ब्लेडने पायऱ्यापायऱ्यांनी खरवडून थर मोजले. वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, त्याखाली क्रीम, त्याखाली चुन्याचे बरेच थर आणि सर्वांत खाली फिकट निळसर चुना. नीळ घातलेली सफेदी.

मुंबईच्या फोर्टमधलं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग वर्षानुवर्षं निळं दिसायचं. तिथल्या जीर्णोद्धारात जुना रंग शोधून पांढरं-निळं केलं आणि २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. तो दाखला दिल्याबरोबर ट्रस्टला पटलं. पिस्ता रंगावर माया असणाऱ्या एक काकू नाराज आहेत. त्यांचं लग्न पिस्ता रंगातच झालं होतं. मी त्यांच्यासाठी माडीच्या जिन्याखालची एक हातभर चौकट न खरवडता ठेवली आहे. इमारतीच्या इतिहासात तोही थर आहेच.

५ फेब्रुवारी, रविवार

आज संध्याकाळपासून तू बिश्वात, झाडांचा सण. या सुमारास मुंबई-ठाण्याहून बसगाड्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. तिथल्या कातळावरच्या खुणा एलियाहू नबीच्या रथाच्या, अशी श्रद्धा. त्याला एलियाहू हनाबीचा टापा म्हणतात. त्यातली एक बस यंदा इथे वळवली.

पडवीचे खांब उभे होते, वासे चढले होते, कौलं अजून नव्हती. सुतारमामांनी वर झापं टाकून दिली. बायकांनी येतानाच पोहे भिजवून आणले होते. पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती पाच फळं. एलियाहूचं गीत म्हणत मलिदा झाला. आशीर्वाद म्हणताना सगळे पश्चिमेला वळले. पडवी भिंतीच्या मागे, म्हणजे पाठमोऱ्या बाजूला. त्यामुळे तिथे उभं राहून जेरुसलेमकडे तोंड केलं की समोर हेखाल नसून खाडी येते. काही जणांना ते खटकलं. काका म्हणाले, प्रार्थना आत, प्रसाद बाहेर, आणि सगळे आत जाऊन आले.

आजचा दिवस मला नकाशापेक्षा जास्त शिकवून गेला. तीन कामं तातडीने बदलली:

स्वयंपाकघर पडवीच्या दक्षिण टोकाला, दालनाच्या दारापासून लांब, पण पातेलं उचलून न्यायला सपाट वाट हवी. पायरी नको. आज दोघी अडखळल्या.

या स्वयंपाकघरात मांस कधीच शिजणार नाही असं ठरलं. धर्माप्रमाणे लागणारी मांसाची-दुधाची वेगळी भांडी, वेगळी मोरी, हा सगळा प्रश्नच मिटला आणि जागाही वाचली.

खांबांमध्ये भिंतीलगत दगडी बाक. वयस्कर माणसं मांडी घालून बसत नाहीत हे मलाही सुचायला हवं होतं, पण ट्रस्टने पाठवलेल्या यादीत एकही बसायची जागा नव्हती.

७ मार्च, मंगळवार

शिमगा. माणसं पालखीला गेली, आठवडाभर कुणी येणार नाही. आजच पुरिमही. समाजातल्या आज्या त्याला होळीचा सणच म्हणतात.

२ एप्रिल, रविवार

माहितीफलकांचा मजकूर. पडवीच्या दक्षिण भिंतीवर पाच फलक, मराठी आधी, हिब्रू खाली. घाण्याचं एक जुनं लाकूड गावातल्याच घरातून मिळालं, ते मोकळं ठेवणार, हात लावू द्यायचा.

पहिल्या फलकावरच अडलं. जहाज नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. हे समाजाचं मूळ. किती शतकांपूर्वी, याला लेखी पुरावा नाही. मजकूर लिहून देणाऱ्या मुलीने ‘दंतकथा’ लिहिलं होतं, त्यावर ट्रस्ट भडकला. ‘इतिहास’ लिहिलं तर मी सही केली नसती. ‘समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की’ इथे सगळे थांबले. मला हे तडजोड वाटत नाही. सांगितलं जातं हे खरंच आहे आणि ते सांगणंच फलकाचा विषय आहे.

सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला बांधलेलं पहिलं सिनेगॉग, अलिबागचं १८४८ चं मागेन आबोथ, २०१६ मध्ये महाराष्ट्रात मिळालेला अल्पसंख्याक दर्जा, हे निर्विवाद. पाचव्या फलकावर पुन्हा चर्चा. इस्राएलला झालेल्या स्थलांतरानंतरची गोष्ट सांगायची तर १९६० च्या दशकातली कटू गोष्टही सांगावी, असा इस्राएलच्या कुटुंबाचा आग्रह. तिथल्या मुख्य रब्बी-मंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी सक्तीची केली होती, लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये समाजाचं नाव त्या आदेशातून काढावं लागलं. मुंबईकर सदस्यांना हे नको होतं, ‘पाहुण्यांपुढे कशाला’. व्हिडिओवरचे आजोबा म्हणाले, “मी उपोषणाला बसलो होतो. मला पाहुणा समजा.” मजकूर फलकावर गेला.

बुधवारी पेसाहची (वल्हांडणाची) पहिली रात्र. आठवडाभर ट्रस्टकडून उत्तरं मिळणार नाहीत.

१४ मे, रविवार

पडवीत कीर्तन. एप्रिलअखेर करायचं होतं, पण पेसाहनंतरचे ओमेरचे दिवस चालू होते, त्यांत गाणं-बजावणं नको. ९ मेला लाग बाओमेर, हे बंधन सुटायचा दिवस, झाला, मग आजचा रविवार. या समाजाने कीर्तन एकोणिसाव्या शतकात आजूबाजूच्या हरिदासांकडून उचललं. साकी, दिंडी, ओवी तीच, आख्यान मात्र योसेफचं किंवा अब्राहामचं. आज योसेफ आख्यान. गाणाऱ्या सगळ्या बायका, पेटी आणि टाळ. भावांनी योसेफला विहिरीत टाकलं तिथे गावातल्या माळकरी आजोबांनी डोळे पुसले.

ध्वनी चांगला. कौलांखाली लाकडी फळ्या न लावण्याचा निर्णय खर्चासाठी घेतला होता, आवाजालाही तो मानवला. पंखे मात्र खडखडतात, बदलायचे. चहाला रांग लागली तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी अरुंद पडली.

गावातले लोक समाजाच्या लोकांपेक्षा संख्येने जास्त होते. गब्बाईंना विचारलं, चालेल ना? “शेजारी नाहीत तर कीर्तन कुणासमोर करायचं?”

२६ जून, सोमवार

अरबी समुद्रातल्या वादळाने लांबवलेला पाऊस काल एकदाचा आला. रात्रभर झड. सकाळी सहाला साइटवर.

दालन कोरडं, फक्त तेबाच्या वर एका ठिकाणी थेंब. कोनाचं एक कौल सरकलंय, सुतारमामा उद्या चढतील. पडवीच्या उत्तर टोकाला पाणी साठतं, फरशीचा उतार तिथे उलटा आलाय, ठेकेदाराच्या खर्चाने काढून परत बसवणार. पन्हाळीचा एक सांधा गळतो. दगडी बाकांवर अर्ध्या रुंदीपर्यंत पाणी येतं, म्हणजे पावसाळ्यात बाहेरून झापं बांधावीच लागतील. दर वर्षीच्या खर्चात तीही घातली.

पश्चिमेची भिंत: पडवीआड बाहेरून कोरडी. आतून हात लावला तर अजून गार लागते, ओलमापकातही आकडा पूर्ण उतरलेला नाही. इतक्या वर्षांचं पाणी एका उन्हाळ्यात जात नाही. हेखालच्या मागच्या नव्या फळ्या तयार होऊन माडीवर पडून आहेत. ट्रस्टला त्या रोश हशनाच्या (ज्यू नववर्षाच्या) आत बसवून हव्यात, म्हणजे तोरा परत आणता येतील. मी लेखी नकार पाठवला आहे. भिंतीने पूर्ण पावसाळा काढू दे, दिवाळीनंतर मोजमाप घेऊ, आकडा उतरला तरच फळ्या. तोवर तोरा मुंबईतच राहतील. मुकादमकाकांचा फोन आला, रागावलेत. पुढच्या रविवारी साइटवर येऊन स्वतः भिंतीला हात लावून बघणार आहेत.